नवीन मेडिकल टाकताय? सुरक्षिततेची आणि दर्जाची घडी पहिल्या महिन्यातच बसवा

मेडिकल टाकायचं ठरलं की सगळं डोकं जागा, डिपॉझिट, फर्निचर आणि शेजारी कोणत्या डॉक्टरांची ओपीडी आहे यात जातं. औषधांचा दर्जा, साठवण, नोंदी हे विषय बहुतेक वेळा औषध निरीक्षक दारात उभे राहिल्यावरच निघतात. मी आधी मिरजेत एका हॉस्पिटलच्या मेडिकलवर काउंटर सांभाळला, आता सांगलीत विश्रामबागला स्वतःचं दुकान आहे. डी.फार्म., बी.फार्म. होऊन तासगाव, विटा, पलूस, जत भागात दुकान टाकणारी मुलं येऊन तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

सगळ्या पायऱ्यांना माझी कसोटी एकच आहे. संध्याकाळी साडेसात ते नऊ ही आपली वेळ. ओपीडी सुटलेली, काउंटरवर दहा हात, बाहेर गाडी चालू ठेवून कोणीतरी "दोन गोळ्या द्या की ओ लवकर" म्हणतोय. त्या गर्दीत जी व्यवस्था टिकते ती खरी. दुपारी तीन वाजता सगळीच दुकानं शिस्तीची असतात.

१. जागा आणि परवाना

औषधविक्रीचा परवाना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालच्या १९४५ च्या नियमांनुसार मिळतो. तो अन्न व औषध प्रशासन देतं. आपल्या जिल्ह्यासाठी सहायक आयुक्त (औषधे) यांचं कार्यालय सांगलीतच आहे. किरकोळ विक्रीसाठी साधारणपणे दोन परवाने एकत्र घेतात: फॉर्म २० आणि फॉर्म २१. इन्सुलिन, लसी, सीरम अशी जैविक औषधं आणि बरीच इंजेक्शनं फॉर्म २१ मध्ये येतात, बाकीची फॉर्म २० मध्ये. शेड्यूल एक्सच्या (नियमांतल्या सगळ्यात कडक यादीतल्या) औषधांना फॉर्म २० एफ हा वेगळा परवाना लागतो. नवीन माणसाने त्याच्या मागे लागू नये. कुलपाचं कपाट, दोन प्रतींत चिठ्ठी, वेगळी नोंद हा व्याप सुरुवातीला झेपत नाही.

किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. होलसेलही त्याच जागेत करायचं असेल तर १५ चौरस मीटर. इथे बरेच जण फसतात. घरमालक "सव्वाशे फूट आहे" म्हणतो, त्यात बाहेरचा ओटा आणि जिन्याखालचा कोपरा धरलेला असतो. करार करण्याआधी आतून टेप लावून मोजा.

अर्ज ऑनलाइन करायचा. जवळ तयार ठेवायची कागदपत्रं:

- जागेचा मोजमापासह नकाशा
- मालकीचा पुरावा किंवा नोंदणीकृत भाडेकरार
- अर्जदाराची ओळखपत्रं, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र
- फार्मासिस्टचं महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र (नूतनीकरण झालेलं)
- फार्मासिस्टचं नेमणूकपत्र, संमतीपत्र आणि आधीच्या नोकरीचा राजीनामा
- फ्रीजचं बिल
- शुल्क भरल्याची पावती आणि प्रतिज्ञापत्रं

आधीच्या नोकरीचा राजीनामा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जुन्या दुकानाच्या परवान्यावर तुमचं नाव तसंच राहिलं, तर नव्या जागेचा अर्ज अडकतो.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचं पूर्वीसारखं नूतनीकरण राहिलेलं नाही. तो रद्द किंवा निलंबित होईपर्यंत चालू राहतो, पण दर पाच वर्षांनी शुल्क भरावं लागतं. ती तारीख कोणी आठवण करून देत नाही, मोबाइलमध्ये टाकून ठेवा. परवाना जागेला चिकटलेला असतो, म्हणून दुकान शेजारच्या गाळ्यात हलवलं तरी नवा अर्ज. भागीदार बदलला तर जुन्या परवान्यावर जास्तीत जास्त तीन महिने चालतं, तेवढ्यात नवा घ्यायचा.

प्रोटीन पावडर, बेबी फूड, हेल्थ सप्लिमेंट ठेवणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणीही लागते. औषधाचा परवाना तिथे उपयोगाचा नाही.

२. फार्मासिस्ट दुकानात हवा, भिंतीवर नव्हे

हे शीर्षक वाचून काही जण नाराज होतील, पण भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणारी दुकानं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. महिन्याला ठरावीक पैसे, सर्टिफिकेट फ्रेममध्ये, आणि माणूस पुण्यात कंपनीत नोकरीला. २०१२ च्या सुमारास महेश झगडे प्रशासनाचे आयुक्त असताना याच मुद्द्यावर राज्यभर कारवाई झाली, केमिस्टांनी बंदही पाळले. तेव्हापासून फार्मासिस्ट हजर आहे का, हा तपासणीतला पहिला प्रश्न झाला.

कायद्याचं राहू द्या. फार्मासिस्ट नसताना काउंटरवरचा मुलगा डब्याचा रंग बघून गोळी देतो. कंपनीने पॅकिंग बदललं की तो अडखळतो, आणि दोन कंपन्यांचं पॅकिंग सारखं असलं की चुकतो.

तुम्हीच मालक आणि तुम्हीच फार्मासिस्ट असाल तर जेवायला, बँकेत, लग्नाला जाण्याची सोय आधी लावा. एक तर दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट ठेवा, नाहीतर "फार्मासिस्ट उपलब्ध नाही" अशी पाटी लावून चिठ्ठीची औषधं देणं थांबवा. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते, पण फारसं कोणी तुटत नाही. फार्मासिस्ट बदलला तर प्रशासनाला एका महिन्याच्या आत कळवायचं. अंगात पांढरा ॲप्रन आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला, असं २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस नियम सांगतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात ॲप्रन नको होतो हे मला मान्य आहे, तरी घाला. पेशंटला कोणाशी बोलायचं ते कळतं.

३. खरेदी: बिलावरचा बॅच आणि हातातला बॅच

दर्जाची पहिली चाळणी इथे लागते. माल फक्त परवानाधारक होलसेलरकडून आणि पक्क्या बिलावर घ्यायचा. पहिल्या खरेदीआधी त्याच्या परवान्याची प्रत मागून फाइलला लावा. मागायला संकोच वाटतो, पण चांगले स्टॉकिस्ट स्वतःहून देतात.

दुकान सुरू झाल्याचं कळलं की एखादा ओळखीचा "बिलाशिवाय घेतलं तर आणखी वीस टक्के" असं सांगत येईलच. समोरच्या दुकानावर सवलतीचा मोठा बोर्ड असेल तर मोह जास्तच होतो. बिलाशिवायचा माल चोरीचा असू शकतो, सरकारी पुरवठ्यातला असू शकतो, सरळ बनावट असू शकतो. उद्या त्या बॅचबद्दल प्रश्न आला तर तो कुठून आला हे सांगायला तुमच्याकडे काहीच नसतं. "फिजिशियन्स सॅम्पल, विक्रीसाठी नाही" असा शिक्का असलेला माल दुकानात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, मग तो शेजारच्या डॉक्टरांनी प्रेमाने दिलेला का असेना.

माल आला की ही कामं लगेच, डिलिव्हरीवाला उभा असतानाच:

अ) बिलावरचा बॅच नंबर, एक्सपायरी आणि छापील किंमत प्रत्यक्ष डब्याशी पडताळा. बिलावर एक बॅच आणि डब्यात दुसरा, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.
आ) फ्रीजचा माल आइसपॅकसह आला का ते बघा. इन्सुलिन साध्या पिशवीत, उन्हात फिरून आलं असेल तर परत पाठवा. डिलिव्हरीवाला "दादा, आत्ताच काढलंय फ्रीजमधनं" म्हणेल. तरी परत.
इ) शॉर्ट एक्सपायरी बघा. स्कीममध्ये दहावर एक फुकट मिळतंय म्हणून तीन महिन्यांत संपणारा माल भरू नका.
ई) १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या लेबलवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यातले जे ठेवत असाल ते स्कॅन करून बघायची सवय लावा. औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, तारखा आणि उत्पादन परवाना क्रमांक दिसायला हवा.

हा बॅच बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये खरेदीच्या वेळी नीट चढवला तरच विक्रीच्या बिलावर नीट येतो. कंटाळा करून "सगळे एकाच बॅचला" टाकणारे आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याच्या मुलांच्या मृत्यूंनंतर कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ बॅचची विक्री थांबवण्याचा इशारा आपल्या राज्यात आला. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडलं होतं. अशा वेळी ज्याच्या संगणकात बॅच खरे असतात तो पाच मिनिटांत सांगतो, माझ्याकडे आहे की नाही आणि कोणाला गेलं. बाकीचे रॅक उपसत बसतात. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी दर महिन्याला जाहीर करते. महिन्यातली एक सकाळ त्यासाठी ठेवा.

खरेदीची बिलं तारखेप्रमाणे, क्रमांक टाकून लावा. जीएसटीच्या नियमाने सहा वर्षं जपावी लागतातच, तेव्हा तीच मुदत धरा.

४. रॅक: वर्णमाला सोयीची, पण तीच चुकवते

नवीन दुकानात फर्निचरवाला सांगतो, "ए टू झेड लावा, मुलांना सोपं जातं." सोपं जातं हे खरं. पण सारख्या नावाची औषधं शेजारी येतात ती याच पद्धतीमुळे. क्लोनाझेपाम आणि क्लोनिडिन, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलझिन, लॅमोट्रिजिन आणि लॅमिव्ह्युडिन. या शेवटच्या जोडीतलं एक फिटच्या झटक्यांचं, दुसरं एचआयव्हीचं. वर्णमाला ठेवा, पण अशा जोड्या मुद्दाम तोडा. एक त्याच्या जागी, दुसरं वेगळ्या खणात, आणि जुन्या जागी "हे तिकडे आहे" अशी चिठ्ठी. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदींनाही हेच लागू.

माझ्या मते नवीन दुकानदाराने या तीन गोष्टींवर पहिल्याच दिवशी लाल स्टिकर लावावा:

मेथोट्रेक्सेट. संधिवात, सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. स्ट्रिपच्या पाकिटावर "फक्त रविवारी" असं वाराचं नाव लिहून द्यायचं, "आठवड्यातून एकदा" एवढं पुरत नाही.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल. ड्रॉप्समध्ये सहसा १ मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीलिटरमध्ये १२५. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर ड्रॉप्स दीड मिली, सिरप सहा मिली. सिरप संपलं म्हणून ड्रॉप्स दिले आणि आईने जुन्याच मापाने सहा मिली पाजले, तर ६०० मिलिग्रॅम पोटात गेलं. शिवाय सिरपच्या २५० च्या बाटल्याही असतात. बाळाचं वजन विचारल्याशिवाय बाटली हातात देऊ नका.

इन्सुलिनची सिरिंज. वायल (बाटली) बहुधा ४० युनिटची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेली असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनचं कार्ट्रिज १०० युनिटचं, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं की लोक कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढतात. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ते २० नाही, ५० युनिट असतं. साखर कोसळून माणूस बेशुद्ध पडतो. उलट चूक केली, ४० ची वायल आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि डॉक्टर विचारात पडतात की डोस वाढवूनही साखर का उतरत नाही. सिरिंज मागायला आलेल्या प्रत्येकाला "वायल कुठली आहे?" हे विचारायचंच. माहीत नसेल तर घरून फोटो मागवायचा.

जनावरांची औषधं वेगळ्या कपाटात, "माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी" असं लेबल लावून. आपल्या भागात गोठा नाही असं घर कमी, त्यामुळे हा विषय रोजचा आहे. गाय लंगडतेय म्हणून डायक्लोफेनॅक इंजेक्शन मागणारे शेतकरी येतात. ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली. माणसांच्या मोठ्या वायल जनावरांना वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ पासून माणसांसाठीही एका डोसचं, ३ मिलीचंच पॅकिंग आहे. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झालं. "आण्णा, पशुवैद्यांकडून मेलॉक्सिकॅम लिहून आणा" एवढं सांगायचं. दूध सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन मागणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं.

५. फ्रीज, ऊन आणि कृष्णामाई

फ्रीज २ ते ८ अंशांत राहिला पाहिजे. घरगुती फ्रीज चालतो, पण त्याच्या दारावरचा आकडा नव्हे, आत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा खरा. कमाल-किमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. सकाळी दुकान उघडताना आणि रात्री बंद करताना वहीत आकडा लिहायचा. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलेली वही ओळखू येते, सगळे आकडे ४ आणि शाई एकच.

इन्सुलिन फ्रीजरला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा छान दिसतं, पण ते टाकायचंच. दारातल्या कप्प्यात फ्रीजचा माल ठेवू नये, तिथे तापमान सतत हलतं. पाण्याच्या बाटल्या, डबा, पेढे त्यात नकोत. दिवाळीत हमखास कोणीतरी मिठाईचा बॉक्स आत सरकवतो. लाइट गेली की दार उघडायचं नाही. इन्व्हर्टरवर फ्रीज चालत नसेल तर थर्मोकोलचा डबा आणि आइसपॅक तयार ठेवा. औषध आणि बर्फ यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा.

बाकीच्या औषधांवर "२५ अंशांखाली" किंवा "३० अंशांखाली" असं छापलेलं असतं. सांगलीचा मे महिना चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या गाळ्यात तर विचारूच नका. परवडत असेल तर एसी, नाहीतर निदान पश्चिमेच्या शटरला पडदा, वर फॉल्स सीलिंग, आणि भिंतीवर खोलीचा थर्मामीटर. शोकेसमध्ये उन्हात खरी बाटली कधीच ठेवू नका. साताऱ्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला दुकान असेल तर त्रास उलटा, ओलीचा. तिथे कॅप्सूल आणि विरघळणाऱ्या गोळ्या जपा, भिंतीला टेकून रॅक लावू नका.

आता पूर. हा भाग कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नसतो, म्हणून जरा विस्ताराने. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ असताना. जुन्या सांगलीत, नदीकडच्या पेठांत दुकान घेणार असाल तर २०१९ ला पाणी कुठवर होतं ते शेजाऱ्याला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल. मग हे करा:

- विमा घेताना पूर त्यात आहे का ते पॉलिसीत स्वतः वाचा. "आग आणि चोरी" एवढंच असतं बऱ्याचदा.
- ४० फुटांचा इशारा आला की माल हलवायची जागा आधी ठरवा. आधी फ्रीजचा माल, मग शेड्यूल एच१ (वेगळं रजिस्टर लागणारी औषधं, पुढे येतीलच), मग महागडी औषधं, मग कागदपत्रं.
- परवाना, रजिस्टरं, बिलं यांचे स्कॅन दुकानाबाहेर कुठेतरी हवेत.
- पुराचं पाणी लागलेला माल पुसून रॅकवर परत नाही. ॲल्युमिनियम फॉइल अखंड दिसलं तरी नाही. यादी करा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या, प्रशासनाला लेखी कळवा, मगच विल्हेवाट.

शेवटच्या मुद्द्यावर माणसाचं मन होत नाही. लाखाचा माल डोळ्यांसमोर असतो, वरून कोरडा दिसतो. स्वस्तात उचलून नेणारेही पाणी ओसरायच्या आत हजर होतात.

६. चिठ्ठी

शेड्यूल एचची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. चिठ्ठीवर तारीख, सही, पेशंटचं नाव-पत्ता, औषध, डोस आणि एकूण किती हे हवं. "पुन्हा द्यावे" असं लिहिलेलं नसेल तर तीच चिठ्ठी एकदाच चालते.

शेड्यूल एच१ साठी मार्च २०१४ पासून वेगळं रजिस्टर लागतं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या. ते तीन वर्षं जपायचं. लेबलवर लाल चौकटीतली सूचना आणि लाल आरएक्स (Rx हे चिठ्ठीच्या औषधाचं चिन्ह) दिसला की एच१. यात सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल आणि क्षयाची औषधं येतात. गर्दीच्या वेळी रजिस्टर लिहिणं होत नाही, म्हणून एच१ चा माल वेगळ्या खणात ठेवा आणि रजिस्टर त्याच खणावर. खण उघडला की वही समोर येते. सॉफ्टवेअर नोंद आपोआप काढत असेल तर उत्तम, पण डॉक्टरांच्या नावाच्या जागी "सेल्फ" टाकून पुढे जायची सवय लागू देऊ नका.

क्षयाची औषधं देत असाल तर २०१८ च्या अधिसूचनेनुसार त्या रुग्णाची माहिती शासनाला कळवणं केमिस्टलाही बंधनकारक आहे. निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्या, जिल्हा क्षयरोग कार्यालयाची माणसं मदत करतात.

सगळ्यात जास्त गफलत बदली औषधाची होते. "तेच कंटेंट आहे, दुसऱ्या कंपनीचं" हे वाक्य आपण दिवसातून कितीदा बोलतो! शेड्यूल एचच्या औषधाला, घटक तेच असले तरी, डॉक्टरांच्या संमतीशिवाय दुसरं देता येत नाही असा नियम आहे. ब्रँड नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा, आणि चिठ्ठीच्या मागे वेळ घालून लिहायचं.

तीन गिऱ्हाइकांबद्दल सावध करतो. झोपेच्या गोळ्यांसाठी दर आठवड्याला वेगळ्या डॉक्टरांची झेरॉक्स आणणारा. जिममध्ये "पंप" येतो म्हणून मेफेंटरमिन इंजेक्शन मागणारी पोरं. रक्तदाब फार खाली गेल्यावर द्यायचं ते औषध, आपल्या तालमींच्या जिल्ह्यात त्याची मागणी व्हावी हे वाईट आहे. आणि गर्भपाताचं किट मागणारा नवरा. "डॉक्टर लिहून देतील, तपासून घ्या, जिवावर बेतू शकतं" एवढंच, आवाज न चढवता. आरडाओरडा केला की तो दुसऱ्या दुकानात जातो, आणि तिथे कदाचित मिळतंही.

७. काउंटरवरचं बोलणं

औषध देणं म्हणजे पिशवी पुढे सरकवणं नव्हे, हे सगळ्यांना मान्य असतं, पण वेळ नसतो. मी सांगायच्या गोष्टी तीनच ठेवल्यात: किती, कधी, किती दिवस. आणि विचारायच्या दोन: कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, दुसरं काय चालू आहे. बाई असेल तर "दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितंय का" हे हळू आवाजात.

मिरजेत अथणी, चिकोडीकडचे पेशंट येतात, जत तालुक्याच्या पूर्वेलाही कानडी बोलणारे भरपूर. त्यांना मराठीत भरभर सांगून उपयोग नाही. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, १-०-१ लिहा, आणि त्यांच्याकडूनच वदवून घ्या. "मावशी, ही कधी घेणार सांगा बघू?" हे विचारलं की निम्म्या चुका तिथेच सापडतात.

ड्राय सिरप द्याल तेव्हा पाणी कुठल्या खुणेपर्यंत घालायचं ते दाखवा, उकळून गार केलेलं. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं सिरप कालवल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलेलं टाकायचं. पुढच्या तापाला तेच काढून पाजणारी घरं आहेत. सर्दीचं क्लोरफेनिरामाइन-फिनायलेफ्रिन मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना नको, असा औषध महानियंत्रकांचा डिसेंबर २०२३ चा आदेश आहे.

द्राक्षाच्या हंगामात आणखी एक. फवारणी करून आलेला माणूस "गरगरतंय, एक गोळी द्या" म्हणतो. घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं, बाहुल्या बारीक झालेल्या, यातलं काही दिसलं तर गोळी नाही. कपडे बदलायला, अंग धुवायला सांगून थेट सिव्हिलला नाहीतर मिरजेला, औषधाचा डबा सोबत घेऊन.

८. एक्सपायरी आणि कापलेली स्ट्रिप

एक्सपायरी महिना-वर्षात छापलेली असते, आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत ठेवायची. गिऱ्हाइकाला सुट्या गोळ्या दिल्या तर पाकिटावर नाव, बॅच, तारीख लिहा. सुट्या गोळीची किंमत स्ट्रिपच्या प्रमाणातच, एक पैसा जास्त नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल वेगळा काढा. संपलेला माल "मुदत संपलेली औषधे, विक्रीसाठी नाहीत" असं लिहिलेल्या बंद खोक्यात, विक्रीच्या रॅकपासून लांब. तपासणीत रॅकवर सापडलेली एक मुदतबाह्य स्ट्रिपसुद्धा पुरते. परत पाठवताना स्टॉकिस्टची पोच घ्या. गिऱ्हाइकाने परत आणलेलं फ्रीजचं औषध पुन्हा फ्रीजमध्ये कधीच नाही, ते घरी कुठे ठेवलं होतं हे कोणालाच माहीत नसतं.

९. रिॲक्शन आली तर

पुरळ, सूज, उलट्या, काहीही सांगत पेशंट परत आला की आधी डॉक्टर. मग बॅच नोंदवा आणि औषध-दुष्परिणाम नोंदवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. फार्मासिस्टला तक्रार नोंदवता येते, औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. एका बॅचबद्दल दोन-तीन जण बोलले तर विक्री थांबवून प्रशासनाला फोन करा.

१०. तपासणी

निरीक्षक आले की घाम फुटतो, पण ते मागतात त्या गोष्टी ठरलेल्या असतात. दर्शनी भागात लावलेला परवाना आणि फार्मासिस्टचं प्रमाणपत्र, खरेदी-विक्रीची बिलं, एच१ रजिस्टर, फ्रीजची वही, मुदत संपलेल्या मालाचं खोकं, आणि फॉर्म ३५ ची तपासणी वही. ही वही पहिल्या दिवसापासून दुकानात हवी. त्या सगळ्याची एक फाइल काउंटरखाली ठेवा, म्हणजे मालक नसले तरी फार्मासिस्टला ती काढून देता येते.

एखादं औषध नमुन्यासाठी घेतलं तर पावती आणि सीलबंद भाग मागून घ्या, त्याच बॅचचं खरेदी बिल त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. शेरा मारला असेल तर तिथे वाद घालू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, काय दुरुस्त केलं त्याचे फोटो जोडा, आणि कार्यालयाच्या शिक्क्याची पोच घेऊन ती त्याच फाइलला लावा.